डोहावरचा आमचा रविवार

माय,

मी तुझ्यावर चिडले आहे. मेलेल्या माणसावर चिडू नये असं आपल्यात म्हणतात, आणि तुला जाऊन तर आता एक तप उलटलं. पण जिवंतांवर चिडून पाहिलं, त्याचा काही उपयोग होत नाही. बा ऐकून घेतो आणि तंबाखू चोळत बसतो. चुलतभाऊ हसतो. शाळेत चिडायची सोय नाही, कारण अकोल्याच्या शाळेत मी मास्तरीण आहे आणि रागावर ताबा हवा असं मुलींना रोज सांगते. तेव्हा तूच उरलीस. शिवाय या सगळ्या त्राग्याच्या मुळाशी तूच आहेस, असं माझं मत आहे, आणि ते मी इथे मांडणार आहे.

गोष्ट मोटरीची आहे. आपल्या डोंग्याला लावायच्या मोटरीची. तुझ्या वेळी मोटर म्हणजे सडकेवरून धुरळा उडवत जाणारी सर्व्हिस गाडी, आणि तिच्यासमोर कोंबड्या घेऊन पळणाऱ्या बाया. पूर्णा नदीत, आपल्या डोहात, बाच्या डोंग्याला मोटर लावायची हे ऐकून तू माशांची टोपली खाली ठेवून मटकन बसली असतीस. पण इलाज नव्हता. बाचा उजवा खांदा गेला. पुराच्या दिवसांत डोंगा काठावर ओढताना आत काहीतरी तुटल्यासारखं झालं आणि तेव्हापासून त्याचा हात छातीच्या वर जात नाही. जाळं तो अजून डाव्या हाताने टाकतो, वाईट टाकत नाही, पण बांबू टेकवून डोंगा रेटायचा म्हणजे दोन्ही खांदे लागतात.

पुढचं तुला ठाऊक आहे, तरी लिहिते, कारण लिहून पाहिल्याशिवाय माझा मलाच विश्वास बसत नाही की अजूनही आपण असे वागतो. डोहावर भोयाच्या प्रत्येक घराला आठवड्यातला एक वार. आपला रविवार. दसऱ्याला सगळे डोहाच्या काठी जमतात आणि ज्याने त्याने आपला डोंगा काठापासून मधल्या खडकापर्यंत घरच्या माणसाच्या हाताने नेऊन दाखवायचा. नेला तर वर्षभर वार तुमचा. परक्याचा हात लागला तर वार त्या हाताचा. आणि बाईने डोहात बांबू टेकवायचा नाही. का, ते कुणी सांगत नाही. मी विचारलं तर म्हणतात, हे कॉलेजात नाही शिकवत. तू मुलगा ठेवून गेली नाहीस, मुलगी ठेवून गेलीस, आणि ती बी. ए. झाली, म्हणजे डोहाच्या दृष्टीने काहीच झाली नाही.

वार गेलेली माणसं तू पाहिली आहेस. ती काठावर बसून दुसऱ्यांची जाळी विणतात आणि संध्याकाळी कुणीतरी त्यांच्यापुढे एक मासा टाकतं. बाने जन्मात दुसऱ्याचा मासा घरी आणला नाही. तुला आठवतं का, तू एकदा बहिणीकडून वाम मासा आणलास तर तो त्या दिवशी चटणीभाकर खाऊन उठला होता? त्या माणसाला मी काठावर बसलेला पाहू शकत नव्हते. चुलतभाऊ मात्र पाहायला तयार होता. तो लढाईवरून परत आला आहे, बसऱ्याला होता, तेव्हापासून पँट घालतो आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी बसरा आणतो. "काका, मी हाय ना," म्हणाला. "मी रेटतो तुमचा डोंगा. घरातल्या घरात." आता घरातल्या घरात म्हणजे काय, तर त्याचं घर वेगळं, चूल वेगळी, आणि बुधवार हा त्याचा स्वतःचा वार आहेच. रविवारही त्याचाच झाला असता.

मोटरीची कल्पना माझी. मी घरी सांगितली आणि पस्तावले. कारण चुलतभाऊ लगेच म्हणाला, "हौ ना! बसऱ्याले मी पाह्यल्या ना मोटरबोटी. घेजो तं पाच घोड्याची घेजो काका. पाणी असं फाडत जाते." त्या दिवसापासून बाच्या डोक्यात घोडे शिरले. अकोल्याला लढाईतला उरलेला माल विकणारं एक दुकान आहे, तिथून मी मोटरींची माहिती देणारं इंग्रजी पुस्तक आणलं, शब्दकोश घेऊन बसले, वजन किती, तेल किती खाते, पाणी किती खोल लागतं, सगळं समजून घेतलं, आणि शनिवारी घरी येऊन बाला वाचून दाखवलं. तो मन लावून ऐकतो. मान हलवतो. आणि मग विचारतो, "घोडे किती?" मी म्हणते, बा, आपला डोह केवढा, मधला खडक केवढ्या अंतरावर, पाच घोडे लावले तर डोंगा खडकावर चढेल. तो म्हणतो, "तरी पण, किती?" पेट्रोल कुपनावर मिळतं, ते आपल्याला कोण देणार, म्हटलं. "तो बसऱ्यावाला पाहीन ना." हे तीन आठवडे चाललं. मी तर्कशास्त्र घेऊन पदवी मिळवली आहे, माय. मला वाटतं, परीक्षकांनी एकदा आपल्या ओसरीवर येऊन बसायला हवं होतं.

आणि इथे तू येतेस. कारण अशा वेळी मला तुझे दोन हुकूम आठवतात आणि ते दोन्ही एकाच वेळी पाळता येत नाहीत. पहिला हुकूम: वस्तू डोक्यावर घेऊन पाहिल्याशिवाय घ्यायची नाही. मडकं असो, घमेलं असो, तू ते डोक्यावर ठेवणार, बाजाराच्या त्या टोकापर्यंत चालत जाणार, परत येणार, मग भाव विचारणार. माझी पाटी घेतलीस तो दिवस मला लख्ख आठवतो. मी सहा-सात वर्षांची असेन. तू चुंबळीवर पाटी ठेवलीस आणि निघालीस. दुकानदार ओरडला, "ओ बाई, ते लिहाचं हाय, डोक्यावर न्याचं नाही!" तू मागे वळून म्हणालीस, "मंग डोक्यासाठी नाही तं काय पोटासाठी घेऊन राहिली का?" सगळा बाजार हसला. मी लाजेने मेले. ती पाटी तू माशांच्या टोपलीत, पळसाच्या पानांखाली घालून घरी आणलीस आणि चौथीपर्यंत तिला वास येत होता. माझ्या शेजारी बसायला मुली तयार नसत. तुझा हा नियम काही अचूक नव्हता, हेही सांगते. डोक्याला हलकं लागतं म्हणून घेतलेलं ते मोठं मडकं पहिल्याच जाळावर तडकलं होतं, आणि कांद्याचा रस्सा सगळा चुलीत गेला. तू काय म्हणालीस? "डोक्याले तं चांगलं होतं."

दुसरा हुकूम. मी नऊ वर्षांची आहे. तू दारात उभी राहून शेजारणीशी बोलते आहेस, टोपली ओट्यावर आहे, भरलेली. मी चुंबळ डोक्यावर ठेवते, खाली बसते, टोपली सरकवून घेते आणि उठते. खरंच उठते. मान ताठ, हात सोडलेले. मला वाटतं, तू पाहशील आणि खूश होशील. तू वळतेस, दोन पावलांत येतेस, टोपली एका हाताने उचलतेस आणि दुसऱ्या हाताने माझ्या गालावर. तुझ्या हाताला खवले चिकटलेले आहेत, त्यातला एक माझ्या गालावर राहतो. "पुन्हा या डोक्यावर काही ठेवलं तं पाय तोडीन," तू म्हणतेस. पाय का, हे मला तेव्हाही कळलं नाही. मग रात्रीचा स्वयंपाक करताना तू एकदाही माझ्याकडे पाहिलं नाहीस, फक्त म्हणालीस, "धडा वाच. जोरानं वाच, भाकरीले ऐकू गेला पाह्यजे." मी वाचला. पुढे डांगरवाडीच्या दिवसांत, नदीच्या वाळूत टरबुजं पिकत होती तेव्हा, तुला ताप आला आणि तू गेलीस. हुकूम मागे घ्यायला तू राहिली नाहीस. मी तो अमरावतीच्या वसतिगृहात पाळला, पाण्याची घागरसुद्धा कमरेवरच घेतली. गेल्या वर्षी शाळेत श्रमाच्या प्रतिष्ठेवर मी भाषण केलं, मुलींनी फार टाळ्या वाजवल्या, आणि तेव्हा माझ्या डोक्यावर पदरापलीकडे काही नव्हतं.

तर दुकान. मी बाला घेऊन गेले. तो फेटा बांधून आला होता, सोयरिकीला निघाल्यासारखा. दुकानदाराने दोन मोटरी काढल्या. एक पेट्रोलची, लाल रंगाची. "मोर्शीचे बागवाले विचारून गेले बाईसाहेब, दोन दिवस राहणार नाही." दुसरी बारीक. लांब दांडी, खाली पितळेचं पातं, वर दुधाच्या लोट्याएवढं डोकं, आणि सोबत मोटारगाडीची असते तशी बॅटरी. "हे साहेब लोकांचं खेळणं," तो म्हणाला. "तळ्यात गळ टाकून बसायचे आणि हिच्यावर हळूहळू फिरायचे. आवाज नाही, काही नाही." बाने तिच्याकडे पाहिलं. "हा तं पंखा हाय," म्हणाला, आणि लाल मोटरीकडे वळला.

दुकानदाराने मागच्या अंगणात पिंपात पाणी भरून लाल मोटर लावली, वरच्या चाकावर दोर गुंडाळला आणि ओढला. मोटर खोकली. पुन्हा गुंडाळला, पुन्हा ओढला. चौथ्यांदा की पाचव्यांदा ती पेटली आणि अशी गडगडली की शेजारच्या गच्चीवरची माकडं पळाली. बा हसत होता. बाला इतकं हसताना मी तुझ्यामागे पाहिलं नव्हतं. दुकानदाराने मोटर बंद केली, दोर पुन्हा गुंडाळला आणि टोक बाच्या पुढे धरलं. "ओढा काका. तुमचाच घोडा हाय."

बाने उजवा हात पुढे केला. टोक धरलं. हात छातीपर्यंत आला आणि थांबला. मग त्याने टोक डाव्या हातात घेतलं, पण अंग वळेना, आणि दोर नुसता सैल लोंबत राहिला. तो पिंपातल्या पाण्याकडे पाहत राहिला, जणू त्यात मासा दिसला. दुकानदार वाट पाहत होता. तीन आठवडे इंग्रजी पुस्तक वाचून मी वजन काढलं होतं, तेल काढलं होतं, पण ती मोटर रोज सकाळी खांद्याने ओढावी लागते हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. बसऱ्यावाल्याच्या ध्यानात आलं होतं की नाही, हे मी अजून ठरवू शकले नाही. त्याला चांगलं समजावं की नाही, यावर माझे काही दिवस गेले आहेत.

काहीतरी बोलायला हवं होतं, तर माझ्या तोंडून निघालं, "ही नको. हिला फार वास येतो."

दुकानदार म्हणाला, "पेट्रोलच हाय बाईसाहेब, अत्तर थोडंच हाय?"

"माझं डोकं दुखतं. ती दुसरी द्या."

 बाने दोर सोडला आणि मोठ्याने म्हणाला, "पाहा! शिकली ना! आता वास येते तिले!" दुकानदार हसला. बाही हसला. घरी येईपर्यंत गाडीत त्याने ही गोष्ट तीन अनोळखी माणसांना सांगितली, आणि गावात तर विचारू नको. विहिरीवर बाया म्हणतात, "बाजूले सरा व, मास्तरीणबाईले वास येईन." चुलतभाऊ म्हणतो, "काका, पाच घोडे आले असते, पोरीच्या नाकानं मारले." भोयाच्या पोरीला वास येतो! माझ्या पाटीचा वास अख्ख्या वर्गाने घेतला, मी नाही कधी नाक धरलं. आणि मला खरं सांगता येत नाही. एका शब्दाने सगळ्यांची तोंडं बंद होतील आणि तो शब्द म्हणजे बाचा खांदा. म्हणून मी गप्प बसते आणि नाकावर पदर ओढते, मग ते आणखीच हसतात. हे कुणाला तरी सांगायचं होतं. तुझ्याखेरीज कुणाला सांगू?

दसऱ्याला सगळे डोहाच्या काठी जमले. सुताराने डोंग्याच्या मागच्या टोकाला फळी ठोकून दिली होती, तिच्यावर मोटर बसवली. झेंडूची फुलं वाहिली. तो म्हातारा पंच अजून आहे, माय, ज्याच्यावर तू एकदा जिवंत खेकडा सोडला होतास. तो काठी टेकत आला आणि मोटरीला नाक लावून पाहिलं.

"हे काय हाय?"

"मोटर आहे काका."

"घरचं माणूस हाय का हे?"

"तुमच्या शेतात बैल नांगर ओढतो. मग शेत बैलाचं होतं का?" हे मी आठवडाभर घोकून ठेवलं होतं.

चुलतभाऊ मागून म्हणाला, "पुढच्या साली आगबोट आणजान." लोक हसले.

पंच म्हणाला, "पोरी, वाद मले समजत नाही. हात कोणाचा लागते ह्याले?"

बा पाण्यात उतरून डोंग्यात बसला होता. तो तिथून म्हणाला, "माहा." आणि डाव्या हाताने खटका दाबला.

काही झालं असं कुणाला वाटलंच नाही, कारण आवाज आला नाही. मग लोकांना दिसलं की डोंगा काठापासून सुटला आहे. हळू, बदक जातं तसा. बांबू आडवा पडला होता, बा ताठ बसला होता आणि त्याच्यामागे पाण्यावर एक बारीक रेघ उमटत होती. खडकापर्यंत जायला इतका वेळ लागला की पोरं कंटाळून झाडावर चढली. खडकाला डोंगा लागला, बाने डावा हात वर केला. पंच म्हणाला, "आईतवार तुमचा." आणि थोडं थांबून, "वास तं नाही येत हिले."

त्या रविवारी दुपारी मी डोंग्यात बसले. बाई बसली तर चालतं, बांबू तेवढा टेकवायचा नाही. बा जाळं टाकत होता, मोटर चालू होती, पाण्याखाली काहीतरी गुणगुणावं तशी.  मग माझ्याकडे न पाहता तो म्हणाला, "बरं झालं, तुले वास आला." मी नाकावर पदर ओढला. 

आता तुझ्या हुकमांचं. ती मोटर खेळण्यासारखी हलकी आहे, पण तिची बॅटरी पाट्यासारखी जड. एका रविवारात ती रिकामी होते आणि आपल्या गावात वीज कुठली? अकोल्यात रेडिओच्या बॅटऱ्या भरून देणारं एक दुकान आहे. म्हणजे दर सोमवारी पहाटेच्या गाडीने ती माझ्यासोबत येते आणि शनिवारी भरून माझ्यासोबत परत जाते. पहिल्या आठवड्यात मी ती हातात धरून नेली. हातात धरली की चालताना कलते, कलली की तेजाब झिरपतं. पदवी घेताना नेसले होते त्या पातळाला चवलीएवढं भोक पडलं. मी स्टेशनबाहेर भर रस्त्यात उभी राहिले, त्या भोकाकडे पाहिलं आणि तुझ्यावर इतकी चिडले की रडूच आलं. पाणी, तेल, मासे, जे काही सांडू द्यायचं नाही ते नेण्याची एकच जागा आपल्या घराण्याला माहीत आहे, आणि नेमकी तीच तू मला बंद करून ठेवलीस.

मी पिशवीतून टॉवेल काढला आणि चुंबळ वळली. हात अडखळला नाही. बॅटरी ठेवली, उठले. तेव्हापासून दर सोमवारी अकोल्याच्या रस्त्याने तुझी मुलगी, पदवीधर, पायांत चपला, हातात मुलींच्या वह्या, डोक्यावर बॅटरी, अशी जाते. एकदा वर्गातल्या दोघी समोर आल्या. "अगं, आपल्या बाई!" एक म्हणाली, आणि दुसरीने तिला कोपर मारलं. मी नमस्कार घेतला, मान न हलवता. श्रमप्रतिष्ठेवर मी त्या आठवड्यात काही बोलले नाही, आणि मुलींनीही विचारलं नाही.

हे पत्र कुठे धाडायचं नाही, तेव्हा एक गोष्ट सांगून टाकते. स्टेशनवर एक टांगेवाला आहे. दर सोमवारी तो विचारतो, "बाई, बसता का? मांडीवर धरा, काही सांडत नाही." रस्ता चांगला आहे, त्याचं म्हणणं बरोबर आहे. मी त्याला सांगते, टांग्याला हिसके बसतात, तेजाब फार वाईट. तसं काही नाही, माय. तुझ्यासारखं त्या टोकापर्यंत मला चालत जायचं असतं.